बांधाला आडवा ट्रॅक्टर

केजच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो आणि नांदूरघाटच्या हॉटेलात तेच फुकट शिकवतो. हजेरी हॉटेलात चांगली असते. युक्रेनवर चढाई झाल्यावर तर बाकडी पुरेनात. साखरेचा डबा मी आक्रमक केला, बशीला पीडित देश केलं आणि सांगितलं, "हल्ला झालेल्याला स्वतःच्या रक्षणाचा हक्क आहे, सुरक्षा परिषद पावलं उचलेपर्यंत. त्यानं मदत मागितली तर दुसरे देश धावून जाऊ शकतात. नुसती शस्त्रं दिली म्हणून देणारा लढाईत उतरला, असं बहुतेक पंडित मानत नाहीत. पण मग तो तटस्थ राहिला का? त्यावर भांडण अजून चालू आहे."

ऐकणाऱ्यांत एक मेंढपाळ होते. आम्ही त्यांना मामा म्हणतो. दर उन्हाळ्यात त्यांच्या मेंढ्या माझ्या रानात बसतात. लेंडीखत मला, ज्वारी त्यांना.

"सर, मागितल्याबिगर मदत देता येत न्हाई?"

"नाही मामा. मागावीच लागते."

"मग मी मागतो."

हॉटेल खदखदून हसलं. मामा हसले नाहीत.

त्यांचं दीड एकर रान गावच्या पुढाऱ्याच्या रानाला लागून आहे. पुढारी दर नांगरटीला बांध कोरत आत आला होता. आता हद्दीचा एक दगड तेवढा उरला होता. मोजणी शुक्रवारी, आणि पुढाऱ्याचा नांगर गुरुवारी फिरणार होता. दगड उखडला असता तर हद्द कुठून धरायची, या वादातच मामांची उरलेली वर्षं गेली असती.

"आपली परिषद म्हंजे मोजणीवाला," मामा म्हणाले. "त्यो येईस्तोर तुमचा ट्रॅक्टर बांधाला आडवा ऱ्हाऊ द्या. बास."

मी "बघू" म्हणालो आणि घरी येऊन अंगणात फेऱ्या घालू लागलो. गावात कुठलाही वाद होवो, पंचनाम्यावर तटस्थ पंच म्हणून माझी सही ठरलेली. पुढाऱ्यानंही मला कैकदा बोलावलेलं. त्या सहीवर माझा भारी जीव. जेवण जाईना. बसलो की उठत होतो, उठलो की ट्रॅक्टरकडे बघत होतो.

"हाटेलात लई शूर असता," बायको म्हणाली.

शेवटी कायद्यानंच मला वाट दाखवली. साहित्य द्यायचं, सैन्य पाठवायचं नाही! गुरुवारी सकाळी मी दरबारात फर्मान वाचावं तशा थाटात मामांच्या हातात किल्ली ठेवली. "ट्रॅक्टर तुमच्या हवाली. मी येणार नाही."

मामांनी किल्ली उलटीसुलटी करून पाहिली. "ही कुठं खुपसायची?"

शिट्टीवर अख्खा कळप वळवणारा माणूस. ट्रॅक्टरवर जन्मात बसलेला नव्हता, आणि आयुष्यभर कायदा शिकवलेल्या मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

मग काय! चालवत मीच गेलो. मामा मडगार्डवर, मांडीवर काठी. ट्रॅक्टर आडवा लावतोय तोच पुढाऱ्याचा नांगर आला. मागून पांढऱ्या गाडीतून पुढारी उतरला.

"कावून सर, तुमी बी उतरलात व्हय लढाईत?"

"नाही दादा. मी फक्त साहित्य पुरवलंय."

"मग सीटवर कोन बसलंय?"

त्याच्या ड्रायव्हरनं इंजिन रेटत ट्रॅक्टर पार माझ्या चाकापर्यंत आणला. कॉलेजच्या सरांच्या अंगावर नांगर घालणं पुढाऱ्याला परवडणारं नव्हतं, त्यानं ड्रायव्हरला हातानं मागं फिरवलं. तरी दिवसभर मी सीटवरून हललो नाही. रस्त्यानं कुठलीही जीप गेली की माझा हात किल्लीवर जायचा.

शुक्रवारी मोजणीवाला आला. "दोन तटस्थ पंच द्या," म्हणाला. सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सवयीनंच मी खिशातून पेन काढला.

"सर कशाचे तटस्थ?" पुढारी म्हणाला. "ट्रॅक्टर बघा की त्यांचा!"

मी मामांकडे पाहिलं. ते तरी माझी बाजू घेतील!

"दादांचं बराबर हाय," मामा म्हणाले. "सर आपल्याकडचे हायत."

हॉटेलवाल्यानं सही केली, माझ्याच पेनानं. मोजणीवाल्यानं फीत काढली आणि वैतागून ओरडला, "अहो, हा ट्रॅक्टर कुणाचा? दगडापासून फीत धरायचीय, काढा तो आधी!"

मामांना तो मागं घेता येत नव्हता. मी पुन्हा सीटवर चढलो.