चौथं शील

भंतेजींच्या प्रवचनाला तिकीट नव्हतं, वर्गणी नव्हती, दारात दानाचा डबासुद्धा ठेवलेला नव्हता. यायचं, सतरंजीवर बसायचं, ऐकायचं आणि घरी जायचं. तरी गिरजाबाई जाधव प्रवचनाला निघाली की आधी गल्लीत कुणी बघत नाही ना, ते पाहून घ्यायची. फुकट ते महाग पडतं म्हणतात. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, पण भीती तिच्या ओळखीची होती.

बाई परभणीकडची. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत गावातली बौद्ध वस्ती पेटली, तेव्हा ती तोंडात पदर कोंबून उसाच्या फडात पालथी पडून होती. आपलं घर जळताना कसा आवाज येतो, हे तिने तिथून ऐकलं. मग नवरा शिवराम तिला घेऊन मुंबईला आला. तिथे नातलगांच्या दारात दोन-तीन वर्षं काढली आणि शेवटी खाडी ओलांडून वाशीजवळच्या एका आगरी गावात खोली मिळाली. सिडकोने गावाची शेतं आणि मिठागरं घेतली होती. पोटाला काहीतरी हवं, म्हणून लोकांनी घरांना लागून पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या. तसलीच एक खोली सखूची. सखू विधवा बाई, तोंडाने फटकळ, आणि भाडेकरूंशी उगाच गोड बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. तिचा दीर देवजी कांदा-बटाट्याच्या नव्या बाजारात हमालांचा मुकादम होता. त्याने शिवरामला टोळीत घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "कोन तुमी?"

"मराठे," शिवराम म्हणाला. आडनाव दोन्हीकडे चालणारं, त्यामुळे खपून गेलं.

घरी येऊन त्याने बायकोला बजावलं, "हितं आपुन मराठे. कामून, कशाला, काई इचारू नको. ह्येंना कळलं तर खोली जाईल, आन् देवजी काम बी काढून घेईल. मग कुटं जायचं? परत उसात?"

त्या एका शब्दाने गिरजाबाईचं तोंड बंद झालं. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेच्या तळाशी गेला आणि भिंतीला खंडोबाचं चित्र लागलं. ती सणावाराला पुरणपोळी करायला लागली, हळदीकुंकवाला जायला लागली. पण गावातल्या बायका कुळाची चौकशी करायला लागल्या की ती उठून जायचं निमित्त शोधायची. नेमकी अशा वेळी सखू मधे तोंड घालायची. "कं तिला इचारीत बसताव? तुमची चूल इझली बगा," म्हणून बायकांना हुसकून लावायची. सखूला परक्या गप्पा आवडत नाहीत, असं गिरजाबाईला वाटायचं आणि ती मनातल्या मनात तिचे उपकार मानायची.

एकदा भर बाजारात पलीकडून कुणीतरी खणखणीत आवाजात "जयभीम, गिरजाबाई!" म्हणून हाक मारली. माहेरच्या तालुक्यातली दुर्गाबाई. खाणीजवळच्या झोपडपट्टीत राहायला आली होती. गिरजाबाईच्या शेजारीच देवजी कांद्याच्या गोणी मोजत उभा होता. गिरजाबाईने हाक ऐकू न आल्यासारखं केलं. सरळ पुढे निघून गेली. आपल्याच माणसाच्या जयभीमला आपण पाठ दाखवली, याची लाज तिला इतकी वाटली की त्या दिवशी ती जेवलीच नाही. चार दिवसांनी ती स्वतःच दुर्गाबाईला शोधत झोपडपट्टीत गेली आणि तिच्या गळ्यात पडून रडली.

दुर्गाबाईनेच तिला सांगितलं की आषाढी पौर्णिमेपासून वस्तीतल्या विहारात भंतेजी वर्षावासाला येणार आहेत. विहार म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. तीन महिने, दर रविवारी दुपारी प्रवचन.

"यायलाच पायजे," दुर्गाबाई म्हणाली. "किती दिस चोरावानी ऱ्हाशील?"

विहारात जायचं तर पांढरं लुगडं नेसून. आणि इथे सवाष्ण बाई पांढरं नेसून उंबऱ्याबाहेर पडली, तर गाव गोळा व्हायला वेळ लागणार नाही. गिरजाबाईने युक्ती काढली. पांढरं लुगडं पिशवीच्या तळाला, वर कोथिंबिरीची जुडी. दुर्गाबाईच्या झोपडीत नेसायचं, तिथेच सोडायचं, हिरवं नेसून परत यायचं. शिवरामला सांगितलं, दुर्गाबाईकडे गोधडी शिवायला जाते. आता खोट्यात खोटं चाललं होतं.

पण तिथे बसलं की बरं वाटायचं. भंतेजी म्हातारे, हळू बोलणारे. पंचशील सगळ्यांकडून म्हणून घ्यायचे आणि एकेका रविवारी एकेका शीलावर बोलायचे. चौथ्या शीलाचा रविवार आला. खोटं बोलणार नाही, असा तो संकल्प. भंतेजी म्हणाले, "माणूस खोटं बहुतेक वेळा भीतीपोटी बोलतो. आणि बोलला की भीती कमी होत नाही, वाढते." ते सगळ्यांनाच सांगत होते. गिरजाबाईला मात्र वाटलं, ह्यांना कुणीतरी माझं नाव सांगितलंय.

त्या दिवशी पाऊस असा लागला की दुर्गाबाईच्या झोपडीत गुडघाभर पाणी शिरलं. लुगडं चिखलाने माखलं. तसंच पिशवीत ठेवलं तर कुजेल, म्हणून गिरजाबाईने ते घरी येताच धुतलं आणि दार लोटून घेऊन आतल्या दोरीवर वाळत टाकलं.

कडी लावायची राहिली. सखू कालवणाची वाटी घेऊन आली ती थेट आतच.

दोघी त्या पांढऱ्या लुगड्याकडे बघत उभ्या राहिल्या. गिरजाबाईच्या कानात पुन्हा तो जळणाऱ्या घराचा आवाज सुरू झाला. सखूने वाटी खाली ठेवली आणि मागे वळून दार लावून घेतलं.

"सासूचा हाय ना गो? रांडाव हाय ना सासू तुझी? तिचाच हाय."

नुसती मान हलवायची होती. गिरजाबाईच्या जिभेवर 'हो' आलंही होतं. पण दुपारीच सगळ्यांबरोबर हात जोडून जे म्हटलं होतं, ते आडवं आलं.

"माजं हाय, मावशी. आमी मराठे न्हाई. बौद्ध हाओत. आमच्या धर्मात खोटं चालत न्हाई."

सखू मटकन खाली बसली. गिरजाबाईला वाटलं, आता ओरडेल, गाव बोलावेल. सखूने कपाळावर हात मारून घेतला.

"मना म्हायत नव्हता काय? पयल्या महिन्यापासना म्हायत हाय. मी तुला सासू देत व्हते ना गो हातान! व्हय बोलाचा व्हतास!"

सखूचा आवाज खाली आला.

"तू बोलत नव्हतीस तवर मना पन बोलाचा नव्हता. आता देवजीनं इचारला, गावकीनं इचारला, तर मी काय सांगू? गावकी मना वाळीत टाकल. माझ्या मयताला खांदा कोन देल? तुझ्या धर्मान खोटा चालत नाय, न् माझ्या धर्मान चालतो काय?"

मग डोळे पुसून तिने सांगून टाकलं, "ऐतवारपर्यंत खोली मोकली कर."

गिरजाबाई भिंतीला टेकून बसून राहिली. इतके दिवस त्या भिंतीच्या अलीकडे ती घाबरत होती. पलीकडे सखू तेवढीच घाबरत होती, तेही तिच्यासाठी, आणि हे तिला आज कळत होतं. शिवराम आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने हात उगारला नाही की शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "खोली गेली. आता काम बी जाईल."

रविवारी दारात हातगाडी लागली. ट्रंक, भांडी, गोधड्या चढल्या. तेवढ्यात समोरून देवजी आला. शिवराम गाडीची दोरी धरून जागच्या जागी थिजला.

"का रं शिवराम? खोली का सोरलीस?" मग देवजी तिच्याकडे वळला. "काय गो, काय झाला?"

विचारलं तिलाच होतं. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोललं तर उद्याचं जेवण जाणार होतं. तिने तोंड उघडलं.

"मी सांगतला त्यांना जावाला," सखू ओट्यावरून कडाडली. "पत्रं गलतान, दुरुस्तीला काढलंय. मेलेव तर माझ्या नावानं बोंब नको."

देवजीने वर पाहिलं. पावसाळाभर त्या खोलीत पाण्याचा थेंब पडला नव्हता. "उद्या पाटं लवकर ये रं, नाशिकच्या गाऱ्या हायत," शिवरामला एवढं सांगून तो निघून गेला.

गिरजाबाई गप्प राहिली. सखूकडे तिला बघवेना. शिवरामचं काम टिकलं, ते पुढे कायम टिकलं; ते कुठे राहायला गेले, हे देवजीने कधी विचारलं नाही. झोपडपट्टीत, विहाराला लागूनच, त्यांनी पत्र्याची खोली बांधली. गिरजाबाई आता पांढरं नेसूनच घरातून निघायची आणि सगळ्यांच्या पुढे बसायची. भंतेजी प्रवचन संपल्यावर विचारायचे, कुणाला काही शंका? तिला एक शंका होती. त्या दिवशी आपण गप्प राहिलो, तेव्हा चौथं शील मोडलं का, आणि मोडलं असेल तर ते आपलं की सखूचं? दर रविवारी ती हे विचारायचं ठरवून जायची. पण उत्तर काय येईल या भीतीने तिने ते कधीच विचारलं नाही.