नवाबाचं वजन

आमच्या दवाखान्यातले किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. फ्रीजच्या दारावर मॅग्नेट साठतात तसे ते आपोआप साठतात. घरी पाहुणे आले की माझे मिस्टरच सुरू करतात, "हिला विचारा ना, या आठवड्यात काय झालं!" आणि चहा थंड होईपर्यंत मला सोडत नाहीत.

मी दुबईत अल मनखूलमधल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. कुत्री-मांजरं बाकीच्यांकडे, साप माझ्याकडे. पाळलेले, बिनविषारी, रीतसर कागदपत्रं असलेले. महिन्यातल्या दोन शनिवारी लोक आपापले साप घेऊन येतात, मी त्यांचं वजन करते आणि वहीत लिहिते.

आमचे डॉक्टर नाडकर्णी वजनाच्या बाबतीत भयंकर कडक. काटा तोच, डबा तोच, वेळ तीच. आधी रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग साप. खाऊन दोन दिवस झाले नसतील तर परत जा. शी झाली नसेल तरी परत जा. "साप वाढतोय की नाही ते डोळ्यांना विचारू नका, वहीला विचारा," हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकते.

सांगलीच्या आत्यानं एकदा फोनवर विचारलं, तिकडे तू करतेस तरी काय? तिला बीपीचा त्रास, म्हणून सापाचं नाव मी घेतलं नाही. नुसतंच सांगितलं, वजन करते. पुढच्या सुट्टीत एका लग्नात तीन बायकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, दुबईत सोनं आत्ता घ्यावं की दिवाळीपर्यंत थांबावं? मी म्हटलं, थांबा. दिवाळीला भाव चढला. त्या तिघी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

*

डिस्कव्हरी गार्डन्समधले जोगळेकर इंजिनिअर आहेत. मुलगा कॉलेजसाठी बाहेर गेला आणि त्याचा कॉर्न स्नेक वडिलांच्या गळ्यात पडला. जोगळेकरांनी लगेच एक्सेल शीट केली. रंगीत ग्राफसकट.

पहिल्या शनिवारी ते बायकोला आणि सापाला घेऊन आले. ग्राफमध्ये सापाचं वजन नऊशे ग्रॅम. आमच्या काट्यावर चारशे ऐंशी. जोगळेकर म्हणाले, तुमचा काटा बिघडलाय. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, तुम्ही कशावर करता? तर हे सापाला उशीच्या अभ्र्यात घालून बॅगा तोलायच्या हुकवाल्या काट्याला लटकवत होते! इथल्या प्रत्येक घरात तो काटा असतोच. गाडीतही असतो. जोगळेकरांनी तो आणला, आम्ही त्याला किलोभर साखरेचं पाकीट अडकवलं. काटा म्हणाला, एक किलो चारशे.

आता ग्राफचं काय होणार म्हणून आम्ही जोगळेकरांकडे बघत होतो. वहिनी मात्र काट्याकडे बघत होत्या.

"म्हणजे मे महिन्यात पुण्याहून निघताना आईच्या लोणच्याची बरणी तुम्ही उगाच बॅगेतून काढायला लावलीत."

पुढच्या शनिवारी जोगळेकर एकटेच आले.

*

मरीनात राहणारा रोहन पाठारे रोज जिमला जाणारा. त्याचा अजगर तीन किलोंचा. याची पद्धत अशी की अजगर गळ्यात घालून बाथरूममधल्या काट्यावर उभं राहायचं आणि एकूण वजनातून स्वतःचे सत्त्याहत्तर किलो वजा करायचे.

रमजान संपल्यावर तो घाबराघुबरा होऊन आला. अजगर महिन्याभरात चार किलोंनी वाढला होता. ट्यूमर असेल का, हेही त्याने विचारून टाकलं. आमच्या काट्यावर अजगर तीन किलोंचा तो तीन किलोंचाच.

डॉक्टरांनी त्याला विचारलं, स्वतःचं वजन शेवटचं कधी केलं होतंस? जानेवारीत. आणि महिनाभर संध्याकाळी कुठे होतास? ऑफिसचं इफ्तार, क्लायंटचं इफ्तार, बिल्डिंगमधल्या अरब हबीबीचं इफ्तार. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"साप जिथे होता तिथेच आहे," डॉक्टर म्हणाले.

पाठारेने अजगर काट्यावरून उचलून परत गळ्यात घातला. मग त्याने मला हळूच विचारलं, "हे वहीत लिहिणार का?"

*

आता नवाब. माझा लाडका. खरं तर नर्सने असं बोलू नये, पण आहे.

नवाब हा बॉल पायथन, म्हणजे घाबरला की अंगाचा गोळा करून बसणारा छोटा अजगर. मालकीण सबा मुकादम, वय अकरा. कुटुंब श्रीवर्धनचं. वडील इक्बालभाई कार्गोच्या धंद्यात, कायम प्रवासात, त्यामुळे सबाला घेऊन येणार ती आई, रेहानाभाभी. भाभींनी पहिल्याच दिवशी दारात उभं राहून मला स्वच्छ सांगितलं होतं, "ताई, मुलीचा हट्ट म्हणून आणलाय. मी या जनावराला बोट लावणार नाही." आणि दोन वर्षांत खरोखरच लावलं नाही.

एकदा डॉक्टरांना नवाबची लांबी हवी होती आणि आमची टेप नेमकी तुटली. खाली शरीफ मास्टरचं टेलरिंगचं दुकान. बोलावलं. मास्टर गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, अशा थाटात आले. टेबलावर साप पाहून एक पाऊल मागे गेले, पण धंद्याची इज्जत होती, पळाले नाहीत. नवाबला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, कमर कहाँ से पकड़ूँ?"

माप झालं. महिन्याने नव्या टेपने मोजलं तर नवाब दोन इंच आखूड! सबा रडकुंडीला आली. डॉक्टरांनी तीनदा मोजलं. शेवटी मी खाली जाऊन मास्टरना विचारलं. ते शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "दो इंच मार्जिन रखा था. बढ़ता बच्चा है."

*

मग या हिवाळ्यात नवाबने खाणं सोडलं. डॉक्टरांनी समजावलं की नर अजगर या दिवसांत असं करतात, घाबरू नका. वजन तेराशे ग्रॅम आहे. दहा टक्के उतरलं, म्हणजे अकराशे सत्तरच्या खाली गेलं, तर रक्त तपासू.

डॉक्टर तपासणीचं बोलले आणि रेहानाभाभींनी त्याचा कायदा केला. अल ऐन शहरात त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे सहा अजगर. अकराशे सत्तरच्या खाली एक ग्रॅम जरी गेला, तरी नवाब अल ऐनला. खलास. "उपाशी जनावर मी घरात बघू शकत नाही," त्या म्हणाल्या. सबाने हे कबूल केलं, कारण दुसरा पर्याय आजच पाठवायचा होता. तेव्हापासून ती पोरगी दर वेळी काट्यासमोर श्वास रोखून उभी राहायची. बाराशे चाळीस. बाराशे दहा. अकराशे ब्याऐंशी.

या काळात मला भाभींचे फोन सुरू झाले. नवाबच्या खाण्याचा फ्रीजरमधला उंदीर किती वेळ बाहेर काढून ठेवायचा? आमच्या जेवायच्या वाटीत नको ना? डॉक्टरांनी सांगितलं होतं की उंदीर कोमट करून दाखवा, तर भाभींनी स्वतःचा नवा हेअर ड्रायर काढला. दोनशे दिरहमचा, म्हणजे साडेचार हजारांचा, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. एकदा मी बसमध्ये असताना फोन आला. आवाज अगदी हळू, कोणी झोपलंय असा.

"ताई, नुसता कोमट की जरासा गरम? कालचा त्याने हुंगला आणि तोंड फिरवलं. थंड लागला असेल का?"

बोट लावत नव्हत्या हो, अजूनही.

*

गेल्या शनिवारी मायलेकी सव्वानऊलाच दारात हजर. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, शी झाली का? महिनाभर झाली नव्हती, हे मला फोनवरून माहीत होतं.

"कालच झाली," भाभी ठामपणे म्हणाल्या. सबाने जमिनीकडे पाहिलं.

मी रिकामा डबा ठेवला, काटा शून्यावर आणला आणि नवाबला आत सोडलं. आकडे वर-खाली झाले आणि स्थिर झाले. अकराशे शहात्तर. सहा ग्रॅमनी वाचला! सबाने श्वास सोडला. मी पेन उचलला.

आणि नवाबने शेपटी उचलली.

महिन्याभराचं होतं. डबा अर्धा भरला म्हटलं तरी चालेल. आम्ही चौघंही नाक दाबून काट्याकडे बघत होतो. आकडा अर्थातच हलला नाही, कारण जे काही होतं ते डब्यातच होतं. पण बाहेर काढलं की वीस-पंचवीस ग्रॅम तरी जाणार, हे सगळ्यांनाच कळलं. सबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "डबा स्वच्छ करून पुन्हा करू."

मी टिशू घेऊन हात पुढे केला, तर भाभींनी माझं मनगट धरलं.

"ममा, दॅट्स चीटिंग," सबा कशीबशी म्हणाली.

"तू गप्प बस." भाभींनी दुसरा हात सरळ डब्यात घातला आणि नवाबच्या पाठीवर ठेवला. मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टर, बाहेरून आणून टाकलंय का कोणी? त्याचंच आहे ना? मग त्याच्यातच धरा."

वहीत त्या तारखेसमोर अकराशे शहात्तर लिहिलंय. अक्षर माझं नाही, डॉक्टरांचं आहे.