न पाठवलेले ड्राफ्ट

एका मंगळवारी माझे पती विद्यापीठात गेले. दुपारी त्यांच्या विभागातून फोन आला की ते वारले.

दिवसकार्य झालं, माणसं आपापल्या गावी परतली, आणि मग गॅस संपला. सिलिंडर मागवायला बसले तर त्याची सगळी माहिती त्यांच्या मेलवर जात होती. विजेचं बिल, विम्याचा हप्ता, माझ्या माहेरच्या गाडीची तिकिटं, सगळंच तिथे. आमच्या घराला एकच मेल होता, आणि तो त्यांचा विद्यापीठाचा. ते संख्याशास्त्र शिकवत. फार वर्षांपूर्वी विद्यापीठाने सगळ्या प्राध्यापकांना खाती काढून दिली तेव्हा त्यांनी मला पासवर्ड सांगितला होता. मी वेगळं खातं काढू का, असं विचारलं तर म्हणाले, "कशाला? एका घराला दोन पोस्ट ऑफिसं असतात होय?"

त्या खात्याचा आम्ही आणखी एक उपयोग करत असू, तो बहुतेक दुसऱ्या कुणी केला नसेल. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. माझी शाळा सकाळची, त्यांचे तास दुपारनंतरचे. मी घरी यायची तेव्हा ते निघून गेलेले असत, आणि ते परत येईतो मला झोप येत असे. म्हणून जे सांगायचं ते आम्ही ड्राफ्टमध्ये लिहून ठेवायचो. नवा मेल उघडायचा, 'कुणाला' ही जागा रिकामी ठेवायची, दोन ओळी लिहायच्या आणि तसाच सोडून द्यायचा. दुसऱ्याने येऊन खाली उत्तर लिहायचं. पाठवायचं कधीच नाही. ते म्हणत, पत्र दूरच्या माणसाला पाठवतात.

ते तंजावरच्या मराठी घरातले. आठ-दहा पिढ्या तिकडे गेलेल्या. घरी मराठी बोलत, पण शाळा सगळी तमिळमधली, त्यामुळे देवनागरी वाचताना अडखळत आणि लिहीत तर नसतच. ड्राफ्टमध्ये ते मराठीच लिहीत, पण तमिळ अक्षरांत. मी साताऱ्याची. लग्न होऊन तिरुवल्लिकेणीच्या या गल्लीत आले तेव्हा मला बसवरची पाटीही वाचता येत नव्हती. पुढे मी तमिळ अक्षरं शिकले ती या ड्राफ्टांवर. भाषा माझी, अक्षरं त्यांची. मला एकेक अक्षर लावत पुढे जावं लागे, आणि मध्येच कळे की हे तर 'दूध नासलं' असं लिहिलंय. त्या अक्षरांत क आणि ग सारखेच, त लिहिलेला असला तरी कधी द समजून घ्यायचा. शिवाय त्यांची मराठी वेगळी. सगळ्याला ते 'अस्कं' म्हणत. "अस्कं भात संपवलों," असं एकदा होतं. खाली मी देवनागरीत लिहिलं, "मग मी काय खाऊ?" त्याखाली तमिळ अक्षरांत, "हॉटेल आहे की."

विद्यापीठ दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावत असे. एकदा मी घरी येऊन बघते तर खातं उघडेना. विभागात फोन केला.

"अहो, पासवर्ड बदललात का?"

"हो. तुझ्यासाठी लिहून ठेवलाय की."

"कुठे?"

"ड्राफ्टमध्ये."

"आणि ड्राफ्ट कशात आहे?" मी विचारलं. मग ते हसायला लागले, ते त्यांच्या खोलीतली दुसरी माणसं काय झालं विचारेपर्यंत हसत राहिले. संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते.

शेवटचा ड्राफ्ट त्या मंगळवारचा होता. इस्त्रीवाल्याकडे दोन शर्ट आहेत, एवढंच. खाली माझं 'बरं' होतं. ते मी शाळेतून आल्यावर, फोन यायच्या आधी लिहिलं होतं.

गॅसचं काम झालं तरी मी रोज सकाळी ते खातं उघडत राहिले. त्यांच्या नावाने मेल येतच होते. परिषदेची निमंत्रणं, ग्रंथालयाची स्मरणपत्रं, कुठल्याशा विद्यार्थ्याचा प्रबंध तपासायची विनंती. विद्यार्थ्याला मी कळवलं. बाकीच्यांना कळवायचं धैर्य झालं नाही. मग एक मेल विद्यापीठाच्याच संगणक केंद्राकडून आला. तोही त्यांनाच उद्देशून होता. आपण सेवेत नसल्यामुळे आपलं खातं महिनाअखेर बंद होईल, आवश्यक ती माहिती कृपया आधी काढून घ्यावी.

मी संगणक केंद्रात गेले. बसने जायचं अंतर नव्हतंच, चालत गेले. तिथल्या अधिकारी बाई माझ्याहून वयाने लहान होत्या. केसांत अबोलीचा गजरा, टेबलावर डबा अर्धा उघडलेला. मी मेल दाखवला तसा त्यांनी डबा बंद केला.

"सरांच्या मिसेस का?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. "उट्कारुंगो, अम्मा. बसा. पण तुमच्याकडे हे उघडलं कसं? पासवर्ड कुणाला द्यायचा नसतो."

"पहिल्यापासून दोघांचाच आहे."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "हे मी ऐकलं नाही. वारस दाखला आणलात तर आलेले आणि पाठवलेले सगळे मेल आम्ही काढून देतो. तशी पद्धत आहे."

"आणि ड्राफ्ट?"

"ड्राफ्ट नाही मिळत, अम्मा. ते अर्धवट असतात. त्याची नोंद धरत नाहीत."

मी त्यांना सांगितलं की आम्ही कधी काही पाठवलंच नाही. जे आहे ते सगळं ड्राफ्टमध्ये आहे. त्यांना आधी ते समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"एका घरात राहून?"

"हो."

"माझा नवरा समोर बसून बोलत नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "महिनाअखेरपर्यंत खातं चालू आहे. तुम्ही स्वतःचं एक खातं काढा आणि एकेक ड्राफ्ट तिकडे पाठवून टाका. वाचत बसू नका, नुसते पाठवा. पाठवलं की ते पत्र होतं."

संध्याकाळी नणंद आली. मैलापूरला असते, आम्ही तिला आक्का म्हणतो. भावाच्या माघारी ती दर दोन दिवसांनी डबा घेऊन येई आणि मी जेवेपर्यंत उठत नसे. मी तिला सगळं सांगितलं.

"घरांत दोघं, आणि बोलायला मशीन!" ती म्हणाली. "तरीच तो मला फोनवर हूं हूं करायचा. बोलायचं अस्कं तुझ्याकडे लिहून संपवत होता."

"तुम्हाला वाचायचेत का, आक्का?"

ती माझ्या ताटाकडे बघत राहिली. "नको. ते तुझं आहे. तू रस्सम घे."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावाचं खातं काढलं. आयुष्यातलं पहिलं. मग त्यांच्या खात्यात जाऊन सगळ्यात जुना ड्राफ्ट उघडला, इतकी वर्षं रिकाम्या असलेल्या जागी माझा पत्ता लिहिला आणि पाठवला. शेजारी ठेवलेला फोन वाजला. पडद्यावर त्यांचं नाव होतं. मीच पाठवलेलं मला माहीत होतं, तरी हात लगेच गेला नाही.

ड्राफ्टवर जुनी तारीख होती. पोचलेल्या मेलवर आजची पडली. हे मला आधी सुचलं नव्हतं. त्याहून दुसरी गोष्ट वाईट होती. ड्राफ्ट पाठवला की तो ड्राफ्टमधून जातो. परत तिथे बघितलं तर तो नव्हता. यादी एका ओळीने आखूड झाली होती.

ग्रंथालयात आम्ही दरवर्षी पुस्तकं बाद करतो. फाटलेली, कुणी नेत नाही अशी. कपाटापुढे उभं राहून हे ठेवायचं, हे जाऊ द्यायचं, असं मी इतकी वर्षं करत आले आहे, आणि मला ते भरभर जमतं. म्हणून वाटलं, इथेही निवड करू. महत्त्वाचे आधी पाठवू. एका ड्राफ्टमध्ये होतं, नळाला पाणी आलं नाही, पाण्याच्या लॉरीवाल्याला सांगितलंय. दुसऱ्यात, काल सांबारात मीठ विसरलीस, तेव्हा बोललों नाही, आता बोलतों. तिसऱ्यात, कोवलमला नेईन म्हणालों ते लक्षात आहे, परीक्षा संपू दे. यांतला बाद करायचा कोणता? मी निवड सोडून दिली आणि जुन्यापासून ओळीने जायचं ठरवलं.

बाईंनी वाचू नका म्हटलं होतं. मला न वाचता पाठवता येईना. तमिळ अक्षरं मला अजून एकेक लावावी लागतात. एका ड्राफ्टला चहा गार होई. वाचून झालं की खाली माझं उत्तर, त्याखाली त्यांचं. मग पत्ता लिहायचा, आणि तरीही बोट बटणावर लगेच जात नसे, कारण त्यानंतर तो तिथून जाणार होता. काही दिवस मी एकही पाठवला नाही. नुसतं उघडून बसत असे, गल्लीतून फुलवाली ओरडत जाई, शाळेची वेळ होई.

आक्काने एकदा विचारलं, "झालं का अस्कं?"

"चाललंय."

"लवकर कर गं. त्यांनी बंद केलं तर?"

"करते."

महिना संपायला आला तसे मी रोज जास्त पाठवू लागले. फोन वाजायचा, वाजायचा. मी आवाज बंद केला. शेवटच्या दिवशी शाळेत रजा मागायला हवी होती. तपासणी होती, मागितली नाही. वाटलं, महिनाअखेर म्हणजे तो दिवस धरून. दुपारी घरी येऊन पासवर्ड टाकला. असं खातं अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. स्पेलिंग चुकलं असेल म्हणून पुन्हा टाकला. मग बाईंना फोन केला.

"सकाळीच बंद होतात, अम्मा," त्या म्हणाल्या. "राहिले का?"

"राहिले."

"किती?"

मी त्यांचे आभार मानले.

आता गॅसचे मेल माझ्या खात्यावर येतात. त्याच खात्यात लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली त्यांची पत्रं आहेत, प्रत्येकावर त्या एका महिन्यातली तारीख. नंतरच्या वर्षांची नाहीत.