पडवीतली पेटी

केशरबाईचा पाय एका जागी ठरेना. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातली नर्स ती. बासष्ट सालच्या त्या उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ हरिहरपंत वकिलांच्या घरी मॉर्फियाचं इंजेक्शन द्यायला जायची. रस्ता झपझप कापायची आणि फाटकाशी पोचली की उगीच पदर सारखा करत उभी राहायची. वकिलांना घशाचा कॅन्सर झाला होता. मुंबईच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते.

घर कडक सोवळ्याचं. केशरबाईला बौद्ध होऊन सहा वर्षं झाली होती, पण वकिलीणबाईंच्या, म्हणजे अनसूयाबाईंच्या लेखी त्यानं काय फरक पडतो! तिच्यासाठी मागच्या पडवीत वेगळी शेगडी, सुई उकळायला वेगळा गंज, आणि औषधाची पेटीही तिथेच. घरातलं कोणी त्या पेटीला बोट लावत नसे. इंजेक्शन मात्र चालायचं हं. सुईला कुठला आलाय विटाळ!

एका सकाळी वकिलांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज नुसता घरघरत होता. "नर्सबाई, पेटीत आहे तेवढं सगळं एकदम दे. सोडव मला."

"असं बोलू नये साहेब," म्हणून ती निघाली खरी, पण ते शब्द घरापर्यंत तिच्यामागे आले.

कारण हेच हरिहरपंत एकावन्न साली सरकारी वकील होते. वलगावचा जानराव, केशरबाईचा सख्खा मामा, त्याच्यावर खटला चालला होता. जानरावची आई पोटातल्या गाठीनं तळमळायची, "जान्या, सोडव रे मले" म्हणून पोराच्या हातापाया पडायची. शेवटी त्यानं तिला अफू पाजली. आणि शहाण्यानं आपल्याच पायानं जाऊन पाटलाला सांगितलं! कोर्टात हरिहरपंत गरजले, "मेलेल्या माणसाची संमती कोणी पाहिली?" ती पाहिली असती तरी कायद्यात सुटका नव्हतीच, खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, एवढाच काय तो फरक. जानराव पाच वर्षं आत बसून आला, तोवर त्याची बायको माहेरी निघून गेली होती. तरुण केशर तेव्हा कोर्टात मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होती. तो आवाज तिच्या कानातून कधी गेलाच नाही.

आता त्याच गळ्यातून धड शब्द फुटत नव्हता. केशरबाईला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोला. आणि त्या आनंदाचीच तिनं धास्ती घेतली. भाजी निवडताना तेच, दवाखान्यात पट्ट्या बांधताना तेच. पंचशीलातलं पहिलं, जीव न घेण्याचं शील म्हणताना जीभ अडखळायची. दिलं तर आपण दयेनं देऊ, का सूडानं?

डॉक्टरांच्या मागे लागून तिनं औषधाची मात्रा वाढवून घेतली. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. वकील म्हणाले, "माझ्या मर्जीनं झालं असा कागद लिहून देतो."

"मेलेल्याच्या कागदाले कोण पुसते, साहेब?" ती म्हणाली. वकील तिच्याकडे बघतच राहिले.

मग एका दुपारी अनसूयाबाईंनी ती पेटी स्वतः पडवीतून उचलून आत आणली. सोवळं गेलं चुलीत. पेटी केशरबाईच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मी देवघरात जाऊन बसते. मला काही माहीत नाही. माझ्याच्यानं बघवत नाही गं."

केशरबाई पेटी धरून वकिलांच्या उशाशी एकटीच उरली. पेटीला तिच्याशिवाय कोणाचा हात लागत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक. उद्या पोलीस आले तर कोणाला धरणार? पण त्या भीतीपेक्षा मोठं काहीतरी तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"साहेब, वलगावचा जानराव आठवते का? मायले अफू देल्ली होती त्यानं. तो माहा मामा."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. ते न उघडताच म्हणाले, "मग सूड म्हणून दे. माझी हरकत नाही."

वकीलच तो, मरता मरताही मुद्दा सोडेना.

"म्हणूनच तं देता येत नाही," केशरबाई म्हणाली. "देलं तं काहून देलं, हे मलेच कधी समजणार नाही."

तिनं नेहमीचं इंजेक्शन दिलं आणि पेटी पुन्हा पडवीत नेऊन ठेवली.

हरिहरपंत पोळ्यापर्यंत जगले. जगले म्हणायचं एवढंच. शेवटी शेवटी ते उशीचा कोपरा दातात धरून पडलेले असत आणि ती आली की तिच्या हाताकडे बघत.

ते गेल्यावर ती मोटारीनं वलगावला गेली. मामा ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. बरं केलंस, एवढं त्याच्या तोंडून ऐकायला ती आली होती.

"लई तळमळला का थो?" जानरावनं विचारलं.

"लई."

"तुह्याजवळ औषध होतं?"

"होतं."

जानरावचे हात थांबले. "मंग द्याले पाह्यजे होतं, पोरी. मायची तळमळ पाह्यली हाये म्या. वकील असला म्हणून का झालं?"

 परतीच्या मोटारीला अजून अवकाश होता, पण केशरबाईला बसवेना. ती उठली आणि अमरावतीच्या रस्त्यानं पायीच चालायला लागली.