वाळवंटातली हजेरी

पाथरीच्या शाळेत भूगोल शिकवू लागलो तेव्हा नकाशाबाहेरचा भूगोल मी फारसा पाहिलेला नव्हता. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. विद्यापीठाच्या नावावरून आंदोलनं पेटलेली, ते दिवस. आमच्या परीक्षा दोनदा पुढे गेल्या आणि पेडगावला मेंढरांमागे फिरणाऱ्या माझ्या वडिलांना दोन्ही वेळा वाटलं की पोरगं नापास झालंय आणि सांगत नाही. पुढे नोकरी लागली, पण तात्पुरती. उन्हाळ्यात संपायची आणि जूनमध्ये मुख्याध्यापकांच्या शिफारशीने पुन्हा सुरू व्हायची. त्या वर्षी मला कायम करण्याचा प्रस्ताव जायचा होता, आणि सोबत मुख्याध्यापकांचा माझ्याविषयीचा अभिप्राय. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांची राजस्थानची सहल काढायचं ठरवून त्यांनी मला "व्यवस्था तुमच्याकडे" असं सांगितलं, तेव्हा मला सहल दिसलीच नाही. परीक्षाच दिसली.

माझी बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, म्हणून एक जागा रिकामी राहिली. मुख्याध्यापक स्वतः म्हणाले, "वडिलांना घ्या. त्यांनी बिचाऱ्यांनी आयुष्यात काय पाहिलंय?" हे ते मनापासून बोलले आणि मीही मनापासून भारावलो. त्या माणसाचे माझ्यावर उपकार होते, आजही मानतो. फक्त त्या दिवसापासून मला परीक्षेच्या जोडीला आणखी एक काळजी लागली, ती म्हणजे आबा.

पूर्णा जंक्शनवरून तेव्हा छोट्या लायनीची गाडी थेट अजमेरपर्यंत जायची. फलाटावर आमची मंडळी जमली तर आबा काठीवर हनुवटी टेकून उभे, आणि एकेकावरून नजर फिरवत ओठ हलवतायत. गणिताच्या सरांच्या बायकोने पदर सावरला. मी आबांना बाजूला घेतलं.

"आबा, काय करायलाव?"

"मोजायलोय."

"ही शिकलेली माणसं हायेत. मेंढरं न्हाईत."

"मंग? शिकलेली हरपत न्हाईत व्हय?"

मी त्यांना बजावलं. घोंगडी पिशवीत ठेवायची, दर वाक्याला मेंढरांची गोष्ट काढायची नाही आणि माणसं तर मोजायचीच नाहीत. मोजायला मी आहे. तेवढ्यासाठीच तर मला शिकवलं. आबा म्हणाले, "बरं मास्तर." नोकरी लागल्यापासून ते मला मास्तरच म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला कधी कळलं नाही.

माझी पद्धत चोख होती. आखीव कागदावर, सुवाच्य अक्षरात, सेवाज्येष्ठतेनुसार सगळ्या शिक्षकांची नावं, त्यांच्या खाली कुटुंबीयांची. अजमेरला बस केली. प्रत्येक ठिकाणाहून निघताना मी बसमध्ये उभा राहून यादी वाचायचो आणि मंडळी "हजर" म्हणायची. एरवी पोरांची हजेरी घेणाऱ्यांना त्यात मजा वाटायची. कुणी बायकी आवाज काढायचं, तर कुणी "आजारी आहे सर" म्हणायचं. मुख्याध्यापक गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा सावरत ड्रायव्हरच्या केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसायचे. मधल्या काचेला पडदा होता, पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत असणार याची मला खात्री होती, म्हणून मी आवाज जरा खणखणीत ठेवायचो.

अबूच्या डोंगरावर सूर्यास्त बघायची जागा आहे. पायऱ्यांवर शेकडो माणसं पश्चिमेकडे तोंड करून बसलेली. आबा एकटे सूर्याकडे पाठ करून बसले आणि माणसं बघू लागले. मी म्हणालो, "आबा, तिकडं बघा. लोक त्याच्यासाठी लांबून येत्यात."

"दिवस रोजच बुडतो," आबा म्हणाले. "दिवस बुडताना जितराबाकडं बघायचं असतं. चुकार हाय ते त्याच टायमाला सटकतं."

जैसलमेरच्या धर्मशाळेत पर्यटनाचं एक पत्रक मिळालं. ते हिंदीतून मराठी करून मी आबांना वाचून दाखवलं. उघड्या आकाशाखाली मुक्काम, चुलीवरची बाजरीची भाकरी, जनावरांच्या सोबतीने पायी भटकंती. वर्षातले आठ महिने कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवून आभाळाखाली झोपणारे माझे वडील शांतपणे ऐकत होते. "हे करायला पैसे देत्यात?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मंग आमी लय चैनीत दिवस काढले की रं."

दुसऱ्या दिवशी दुपारी वाळूच्या टेकड्या बघायला निघालो. इंजिनाची झळ पायाला लागते, अशी मुख्याध्यापकांनी वाटेत दोनदा तक्रार केली. टेकड्यांपाशी सगळे उंटावर बसले. बायकांच्या किंकाळ्या, फोटो, वाळूत घसरगुंड्या. मुख्याध्यापकांना गर्दी नको होती. त्यांनी उंटवाल्याला लांबच्या टेकडीकडे न्यायला सांगितलं आणि मला म्हणाले, "तुम्ही बघा इकडचं." मी बघितलं. सूर्य बुडाला, गार वारा सुटला, मंडळी कुडकुडत बसमध्ये येऊन बसली. मी यादी काढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सगळे हजर. ड्रायव्हरला आवाज दिला, "चलो!"

दोनेक मैल गेलो असू. आबा म्हणाले, "मास्तर, एक कमी हाय."

"हजेरी झाली आबा. समदे हायेत."

"नावं वाचलीस तू. मोजलं का?"

"आबा, हळू बोला."

"कळप हलका लागायलाय."

कळप हा शब्द चार शिक्षकांनी ऐकला. मी खाली मान घातली. आबा उठले, हेलपाटत पुढे गेले आणि मधल्या काचेवर त्यांनी काठी वाजवली. बस थांबली. सगळ्यांसमोर आबांनी मला विचारलं, "दोरीचा चष्मा लावतो त्यो कुठं हाय?"

मी पडदा सरकवला. केबिनमध्ये ड्रायव्हर एकटा. तो म्हणाला, "मुझे लगा साब आज पीछे बैठे हैं."

बस परत फिरली. मला जूनमधला शाळेचा पहिला दिवस दिसत होता, आणि त्यात मी नव्हतो.

मुख्याध्यापक उंटवाल्यांच्या शेकोटीपाशी बसलेले सापडले. अंगावर उंटाच्या पाठीवरची गोधडी, हातात चहाचा पेला. लांबच्या टेकडीवर त्यांचा उंट जो बसला तो उठेचना, आणि तिथून त्यांनी आमच्या बसचे लाल दिवे जाताना पाहिले होते.

त्यांनी चष्मा पुसला. "हजेरी घेतली होती?"

"घेतली होती, सर."

"गैरहजर किती?"

"कुणीच नाही, सर."

"यादी बघू."

शेकोटीच्या उजेडात त्यांनी यादी वरून खाली वाचली, मग पुन्हा वाचली. "यात माझं नाव कुठंय?"

"सर," मी म्हणालो, "तुमचं नाव मी कसं पुकारणार?"

मी खरं तेच सांगत होतो. आमच्या शाळेत त्यांचं नाव कुणी तोंडाने घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी सगळ्यांदेखत ते पुकारायचं आणि त्यांनी केबिनमधून "हजर" म्हणायचं, ही कल्पनाही मला उद्धट वाटली असती. मला वाटतं त्यांनाही वाटली असती, कारण त्यांनी यादीची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. आबांनी पिशवीतून घोंगडी काढली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली. ती गोधडीपेक्षा ऊबदार असावी. त्यांनी ती अजमेरपर्यंत परत दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुख्याध्यापकांनी मोजणीचं काम आबांकडे दिलं. मी यादी पुढे केली तर आबा म्हणाले, "कागद तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे." ते बसच्या दाराशी उभे राहायचे, चढणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडे बघायचे आणि शेवटी म्हणायचे, "चला." मुख्याध्यापकही त्यांच्यासमोरून मुकाट्याने चढायचे.

जूनमध्ये मी कायम झालो. माझ्यावरचा अभिप्राय मला फार पुढे, ते निवृत्त झाल्यावर, शाळेच्या कारकुनाने दाखवला. कामात चोख, अक्षर उत्तम, असं लिहून खाली एक ओळ होती: "वरिष्ठांविषयी आदर आवश्यकतेपेक्षा जास्त आहे."

कायम झाल्याचा हुकूम हातात पडला त्याच दिवशी मी पेढे घेऊन पेडगावला गेलो. पारावर आबा गावातल्या माणसांत बसले होते. पेढा खाताखाता एकाने मला नाही, त्यांना विचारलं, "आबा, पोराबरुबर येवढ्या लांब जाऊन आलाव. काय बघितलं?"

"बघायचं काय?" आबा म्हणाले. "नेली तेवढी परत आणली."