अनारसे सरांची हद्दपारी

अकरावीच्या पहिल्या दिवशी अनारसे सर वर्गात आले, हजेरीही न घेता पहिल्या बाकापाशी थांबले आणि मला म्हणाले, "ऊठ. आर्ट्‌सला का आलीस?"

"सायन्सला मार्क कमी पडले, सर."

"छान. म्हणजे प्लेबियन. बस." मग शेजारच्या सुनंदाकडे वळले. "तू?"

"वडील म्हणले, पोरीच्या जातीला आर्ट्‌स बास."

"तूही प्लेबियन."

असं करत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांना त्यांनी उठवलं, बसवलं आणि प्लेबियन ठरवलं. ही शिवी आहे की शाबासकी, कुणाला कळेना. मग सर फळ्याला टेकून उभे राहिले. "रोममध्ये वरच्या घराण्यांना पॅट्रिशियन म्हणत आणि बाकीच्या सगळ्या रयतेला प्लेबियन. आपले पॅट्रिशियन समोरच्या इमारतीत बसलेत, फिजिक्सच्या लॅबमध्ये. पण एक दिवस काय झालं, सगळे प्लेबियन कामं टाकून गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले. रोमची चूल पेटेना! शेवटी वरच्यांनाच हात जोडत यावं लागलं. तेव्हा मार्कांचं रडगाणं आजपासून बंद. पान सात काढा." कमी मार्कांचा अभिमान वाटण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच दिवस.

कर्जतच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावात अकरावी-बारावीपर्यंतची शाळा. तिथे सर इतिहास शिकवायचे. उंच, काटकुळे, खिशाला चार पेनं आणि त्यातली दोन कायम वाळलेली. पुस्तकात प्राचीन चीन, ग्रीस आणि रोमच्या संज्ञांची ही भली मोठी यादी होती. ती पाठ करायला सरांची सक्त मनाई होती. "संज्ञा पाठ नाही करायची, तिला गावात स्थळ बघायचं," असं ते म्हणत. आणि खरोखर एकेका शब्दाचं त्यांनी गावात लग्न लावून दिलं होतं. शाळेच्या फाटकाबाहेरची हौसामावशींची चहाची टपरी म्हणजे अगोरा, ग्रीकांचा चौक, जिथे सौदेही व्हायचे आणि राजकारणही शिजायचं. काष्टीचा बाजार म्हणजे थोरला अगोरा. "फरक इतकाच," सर म्हणायचे, "तिथे तत्त्वज्ञ मिळायचे, इथे शेळ्या मिळतात. दात मात्र दोन्हीकडे बघून घ्यावेत."

चीनचीही तीच गत. राजा राज्य करतो ते स्वर्गाच्या आदेशाने; पूर आला, दुष्काळ पडला की समजायचं, स्वर्गाने आदेश काढून घेतला, आता नवा राजा बघा. हे शिकवताना लाईट गेली आणि पंखा कुरकुरत थांबला. सरांनी वर पाहिलं, मग मुख्याध्यापकांच्या खोलीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "गेला यांचाही आदेश." आम्ही इतके खिदळलो की मुख्याध्यापक स्वतः बघायला आले. सर गंभीर चेहऱ्याने त्यांना म्हणाले, "काही नाही, चीनचा विषय चाललाय."

मला त्यांनी सेन्सॉर नेमलं होतं. रोमचा सेन्सॉर माणसं मोजायचा आणि त्यांच्या वागणुकीवर लक्ष ठेवायचा. माझ्याकडे हजेरीचं रजिस्टर आलं. वागणुकीचं काय झालं, ते पुढे येईलच.

सरांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण म्हणजे ऑस्ट्रासिझम. अथेन्समध्ये एखादा माणूस फार मोठा झाला, डोईजड झाला, की लोक फुटक्या मडक्याच्या खापरीवर त्याचं नाव कोरून टाकायचे. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, तो दहा वर्षं हद्दपार. सर कुंभाराकडून एक फुटका माठ आणत, आम्ही त्याचे तुकडे करत असू आणि प्रत्येकाला एक खिळा मिळे. हद्दपारी दहा दिवसांची, वर्गाबाहेर, लायब्ररीत. आधीच्या वर्षी नवी मोटारसायकल दाखवत फिरणारा एक जण गेला होता म्हणे. सर बजावून सांगायचे, "गुन्हा लागत नाही, साक्षीदार लागत नाही आणि भाषण करायचं नाही. त्याचं घर, जमीन, मान सगळं तसंच राहतं. फक्त त्यानं जायचं. आणि मुदत संपली की ताठ मानेनं परत यायचं." अथेन्सला निदान सहा हजार खापऱ्या पडल्याशिवाय निकाल धरत नसत. आम्हाला तीस लागायच्या.

त्या वर्षी पितृपक्षाच्या सुमारास मला गिरणीत काकू भेटल्या, सरांच्या मंडळी. दळणाचा डबा खाली ठेवून त्यांनी माझा हात धरला. "तुझ्या सरांना सांग की गं काहीतरी. छातीच्या तीन नळ्या बंद हायेत. डॉक्टर म्हनला, आठ दिवसांत पुन्याला या, मोठं आपरेशन करावं लागंल. लेक तिथं वाट बघतीय. आन् ह्यांचं एकच, रोम पडू दे, मंग जातो."

"रोम कधी पडणार?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर, म्हनत्यात. आन् घरात मला ट्रिब्यून म्हनत्यात. व्हेटो तुझा, तू न्हाई म्हनलीस की काम थांबलं, असं चारचौघांत सांगत्यात. मंग माझा व्हेटो का चालंना?" बोलता बोलता त्यांना रडू आलं. गिरणीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही, मला मात्र दिसलं. सर मरू शकतात, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सगळ्या वर्गाला सांगितलं. कुणी म्हणालं मुख्याध्यापकांकडे जाऊ, कुणी म्हणालं शनिशिंगणापूरला तेल वाहू. सुनंदा म्हणाली, "सर देवाचं ऐकत न्हाईत आन् मुख्याध्यापकांचं तर न्हाईच. ते फक्त अथेन्सचं ऐकत्यात." सगळ्यांना एकदम खापऱ्या आठवल्या आणि सगळे एकदम ओरडले.

तासाला मी अगदी भोळा चेहरा करून उभी राहिले. "सर, खापरीवर कुणाचंही नाव चालतं का?"

"वर्गाच्या चार भिंतींत जो उभा आहे, तो नागरिक. नागरिकाचं नाव चालतं, नागरिकाचं मत चालतं," सर खुशीत म्हणाले. सावज आपल्या पायांनी जाळ्यात शिरलं होतं.

मतदान गुरुवारी ठरलं आणि नेमकं बुधवारी कॅनॉलला पाणी सुटलं. आमच्याकडे आवर्तन आलं की देवसुद्धा देवळात सापडत नाही. ज्याला त्याला बारं धरायचं असतं, पाणी आपल्या रानात वळवून घ्यायचं असतं. गुरुवारी चौदा जण गैरहजर! उरले एकोणतीस. तीसला एक कमी. मी सेन्सॉर, हजेरी माझ्या हातात. मी मागच्या बाकावर बसले आणि चौदा गैरहजरांच्या चौदा खापऱ्या स्वतः कोरून टाकल्या. म्हटलं, ते असते तर त्यांनी हेच लिहिलं असतं.

सरांनी टेबलावर खापऱ्या ओतल्या. पहिली उचलली. "अनारसे." दुसरी. "अनारसे." पाचव्या खापरीला त्यांनी चष्मा काढून पुसला. दहाव्याला खुर्चीत बसले. त्रेचाळीसही वाचून झाल्यावर त्यांनी खापऱ्या पुन्हा जुळवायला घेतल्या आणि चौदांची एक वेगळी ढिगली केली. "ग्रीसमध्ये एका विहिरीत अशाच खापऱ्या सापडल्या," ते शांतपणे म्हणाले. "ढीगभर खापऱ्या, एकच नाव आणि अक्षर मोजक्याच हातांचं. तिथेही कुणीतरी लबाडी केली होती. सेन्सॉर, तुझ्या 'अ'ला शेपूट असते. एक खापरी तुझ्या हक्काची, या चौदा नाहीत." चौदा खापऱ्या त्यांनी बाजूला सारल्या. "उरल्या एकोणतीस. तीस लागतात. निकाल रद्द."

"सर, तुमचं मत?" सुनंदा रडवेली होऊन म्हणाली.

"मोजणारा मत देत नाही. पान अठ्ठावन्न काढा."

तेवढ्यात हौसामावशी किटली घेऊन आत आल्या. तिसऱ्या तासाला सरांचा चहा त्या स्वतः आणत. आमची तोंडं पाहून म्हणाल्या, "काय झालं, कोन गेलं?" आम्ही सगळ्यांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. त्यांनी निम्मं ऐकलं आणि हात पुढे केला. "सरांला पुन्याला धाडायचंय व्हय? मंग मला बी द्या की एक खापर."

"मावशी, अथेन्समध्ये बायकांना मत नव्हतं," सर म्हणाले.

"मंग बुडालंच आसंल ते गाव."

वर्गात हशा पिकला. बाकं बडवली गेली. सर मोठ्या कष्टाने हसू दाबत म्हणाले, "बुडालं."

"सर, त्या चार भिंतींत उभ्या आहेत!" मी किंचाळले. "तुम्हीच म्हणालात, नागरिक!"

सरांनी भिंतींकडे पाहिलं, मावशींच्या पायांकडे पाहिलं. मावशी उंबऱ्याच्या चांगल्या दोन हात आत होत्या. त्यांनी खापरी घेतली, उलटसुलट केली आणि सरांच्याच पुढे धरली. "मला कुठं लिवता येतंय? तुमीच लिवा. अनारसे म्हनून लिवा."

"मावशी, मी तुमचं काय वाकडं केलंय?"

"काय बी न्हाई. पर चार दिवस झाले, टपरीवर जो येतो त्यो म्हनतो, सर लई चांगले, सर लई चांगले. असं मानूस गेल्यावर बोलत्यात, सर. जित्या मानसाबद्दल ऐकवंना मला."

सरांनी खापरी हातात घेतली. मग एकदम हसायला लागले, इतके की आम्हालाच भीती वाटली. डोळे पुसून म्हणाले, "पोरांनो, अथेन्समध्ये अगदी हेच झालं होतं. एक पुढारी होता, सगळे त्याला न्यायी म्हणायचे. एका अडाणी शेतकऱ्यानं ओळख नसताना त्याच्याच हातात खापरी दिली आणि म्हणाला, याचं नाव लिही, याला न्यायी न्यायी म्हणलेलं ऐकून माझे कान किटलेत."

"मग त्यानं काय केलं, सर?"

सरांनी खिळा उचलला. "काही बोलला नाही. लिहून दिलं." आणि खापरीवर सावकाश कोरलं: अनारसे.

"पण लायब्ररीत नाही हं, सर," मी लगेच म्हणाले. "तिथून तुम्ही खिडकीतून शिकवाल. तुम्ही तालुक्याबाहेर जायचं."

शनिवारी सकाळी लेकीच्या गाडीतून सर पुण्याला गेले. मग ऑपरेशनचा दिवस आला. आपण सरांना मरायलाच तर धाडलं नाही ना, या विचाराने मी डबासुद्धा उघडला नाही. संध्याकाळी काकूंचा फोन आला. हसत होत्या. "शुद्धीवर आले. पयलं काय बोलले म्हाईतंय? 'मी तालुक्याबाहेरच हाय ना?'" मी फोन हातात धरून अंगणात तीन गिरक्या घेतल्या. आईला वाटलं मला लॉटरी लागली.

दहा दिवसांची हद्दपारी डॉक्टरांनी अडीच महिन्यांवर नेली. त्यानंतर सर नऊ वर्षं जगले, निवृत्त झाले, नातवंडांना पॅट्रिशियन म्हणून चिडवत राहिले. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा सगळं गाव 'सर लई चांगले' म्हणत होतं आणि या वेळी कुणाला अडवता येत नव्हतं. पण मला आठवतो तो ते परत आल्याचा दिवस.

सदरा अंगावर लोंबत होता, चाल हळू झाली होती, मान मात्र ताठ. टाळ्या थांबेपर्यंत ते दारातच उभे राहिले. मग आत आले, खडू उचलला आणि म्हणाले, "सेन्सॉर, ऊठ. माझा जीव कुणी वाचवला?"

मी खाली मान घातली.

"त्याबद्दल जन्मभर तुझा ऋणी आहे. आता सांग, चौदा जणांची मतं त्यांना न विचारता कुणी टाकली?"

"मी, सर."

"त्याबद्दल तास संपेपर्यंत उभी राहा." आणि फळ्याकडे वळून, "हं, रोम कुठं ठेवलं होतं आपण?"

मी उभी राहिले. सगळा वर्ग मला हसत होता आणि सरांचा तो चिरका आवाज रोमच्या भिंती एकेक करून पाडत होता. मला हसू येत होतं, नाक गळत होतं, पुसायला रुमाल नव्हता. घंटा झाली. सर म्हणाले, "बस आता."

मी म्हणाले, "अजून थोडा वेळ उभी राहू द्या, सर."