काकांचं मालवाहू यान

माणसापेक्षा सामानाला जास्त मान देणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, तो म्हणजे तिरुवल्लिकेणीतले माझे घरमालक काका. साताऱ्याहून तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या कारखान्यात नोकरीला आलो तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली मला मिळाली, ती मी मराठी बोलतो म्हणून. काकांचं घराणं तंजावरकडचं. त्यांचं वाक्य मराठीत निघायचं आणि क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर निम्मं तमिळ झालेलं असायचं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्यांना अंतराळाचं वेड लागलं, पण अंतराळवीरांचं नव्हे. अंतराळवीर टीव्हीवर हात हलवू लागला की ते आवाज बंद करायचे. "हा काय, बसून गेला. ह्याचा भात कोण नेतो तें विचारा."

भात नेतं ते मालवाहू यान. आत माणूस नाही. आपलं आपण उडतं, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकाला जाऊन चिकटतं आणि पाणी, जेवण, कपडे पोचवतं. अशा प्रत्येक यानाची वेळ काकांच्या कॅलेंडरवर राहुकाळाशेजारी लिहिलेली असे. सामान कसं रचावं यावर त्यांनी एका अंतराळ संस्थेला चार पानी पत्रही धाडलं होतं. जड पेट्या खाली ठेवा, हा त्यातला मुख्य सल्ला. तिथे वर-खाली असं काही नसतं, हे मी सांगून पाहिलं. "म्हणूनच सांगावं लागतें," ते म्हणाले.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या साखरपुड्याच्या सकाळी असंच एक यान स्थानकापाशी पोचलं आणि त्याची एक अँटेना उघडेना, म्हणून ते चिकटेना. पाहुणे सतरंजीवर, दोन्ही घरांनी एकमेकांना द्यायची ताटं समोर, राहुकाळ लागायला वीस मिनिटं, भटजींचा डोळा घड्याळावर आणि काकांचा मोबाईलवर. मुलाचे वडील बँकेतले मोठे अधिकारी. लोकांना ताटकळत ठेवायची सवय होती, स्वतः ताटकळायची नव्हती. ते उठून उभे राहिले.

"तुम्हाला तो रिकामा डबा महत्त्वाचा असेल, तर आम्ही निघतो."

मुलीनं मान खाली घातली. मीही घातली.

"रिकामा नाही," काका शांतपणे म्हणाले. "सात जणांचं जेवण आहे त्यांत."

मग मुलाच्या आईनं विचारलं, "त्यांच्याकडे आधीचं काही शिल्लक आहे का?"

काकांना खोटं बोलता येत नसे. "दोन महिन्यांचं आहे."

"आपल्याकडे वीसच मिनिटं आहेत," ती म्हणाली.

काकांनी क्षणभर विचार केला, मोबाईल तिच्या हातात दिला आणि ताट उचललं. मंत्र चालू असताना ती बाई अँटेनेची हालहवाल मोठ्यानं सांगत होती, आणि मुलाचे वडील तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. यान चिकटलं तेव्हा अक्षता घ्यायचं त्यांच्याच लक्षात राहिलं नाही.

लग्न झालं, मुलगी बंगळूरला गेली. काही महिन्यांनी एका रविवारी दुपारी मी खाली आलो, तर काकांचे केस ओले. सकाळची अंघोळ तर झाली होती. विचारलं, तर कळलं की सामान उतरवून झालं की त्या यानात स्थानकावरचा कचरा भरतात आणि सोडून देतात. खाली येताना ते जळून जातं. साखरपुड्याच्या दिवशीचं आपलं यान आज गेलं. दूरचा नातेवाईक गेल्यावर करतात तसं काकांनी स्नान केलं होतं.

मी हसलो. "काका, यंत्र आहे ते."

"असूं दे. सगळ्यांचं पोंचवून गेलं."

मग त्यांनी मला जेवायला थांबतोस का विचारलं. मी खाऊन आलो होतो. तरी थांबलो.